लेटंट व्हेरिएबल आणि सामाजिक संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य अशा विषयांत पीएचडी करणारे विद्यार्थी बहुधा प्रश्नावल्या भरून झाल्यावर भेटायला येतात. एक्सेलची फाइल तयार असते आणि म्हणणे एकच असते, ‘आता फॅक्टर ॲनालिसिस करायचे आहे.’ ही भेट प्रश्नावली छापायला टाकण्याआधी व्हायला हवी. त्या वेळी जे बोलता आले असते, ते इथे लिहिले आहे. आकडेमोड शक्य तितकी कमी ठेवली आहे, पण टाळलेली नाही.

लेटंट व्हेरिएबल म्हणजे नेमके काय?

मुलीला स्थळ आले की घरात पहिल्यांदा विचारतात, ‘परिस्थिती कशी आहे त्यांची?’ परिस्थिती कुणी पट्टी लावून मोजलेली नसते. घर स्लॅबचे की पत्र्याचे, दारात गाडी कोणती, पाण्याची सोय काय, मुले कुठल्या शाळेत जातात, अशा खुणा पाहून आपण म्हणतो, ‘बरी आहे’ किंवा ‘बेताची आहे’. ही न दिसणारी परिस्थिती म्हणजे लेटंट व्हेरिएबल. दिसणाऱ्या खुणा म्हणजे इंडिकेटर.

नैराश्य, आत्मसन्मान, पूर्वग्रह, शासनावरचा विश्वास, नोकरीतले समाधान ही सगळी अशीच आहेत. मॉडेल तोच अंदाज कागदावर उघड मांडते. कोणत्या खुणेला किती वजन दिले आणि अंदाज किती चुकू शकतो, हे त्यात सगळ्यांना दिसते. म्हणून दुसरा माणूस तो तपासू शकतो, खोडूनही काढू शकतो.

मराठी प्रबंधात कोणता शब्द वापरावा?

‘अव्यक्त चल’ आणि ‘सुप्त चल’ हे दोन्ही शब्द वापरात आहेत. मी ‘अव्यक्त’ पसंत करते. ‘सुप्त’ म्हटले की काहीतरी झोपलेले आहे आणि पुढे जागे होणार, असा भास होतो. बोलताना सगळे ‘लेटंट व्हेरिएबल’च म्हणतात, त्यात काही वावगे नाही.

ही कल्पना आली कुठून?

१९०४ साली चार्ल्स स्पिअरमन यांनी इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांचे वेगवेगळ्या विषयांतले गुण आणि सुरांमधला फरक ओळखण्याची क्षमता यांचे सहसंबंध काढले. एका विषयात पुढे असलेला मुलगा बहुधा दुसऱ्यातही पुढे होता. या सगळ्या सहसंबंधांमागे एकच सर्वसाधारण बुद्धिमत्ता असावी, असे त्यांनी मांडले. १९३०च्या दशकात अमेरिकेत लुईस थर्स्टन यांनी याला आव्हान दिले. बुद्धी एक नाही, क्षमतांचा एक गट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तशाच आकड्यांचे हे दोन अर्थ. हा वाद जुना झाला असे समजू नका. तुमच्या प्रबंधातही ‘एकच फॅक्टर, म्हणजे सहसंबंधांमागचे अव्यक्त चल, की तीन?’ या रूपात तो परत उभा राहणार आहे.

पुढे आणखी धागे येऊन मिळाले. आनुवंशिकीचे अभ्यासक सूअल राइट यांनी १९२०च्या आसपास बाणांच्या आकृत्यांनी परिणामांचे मार्ग मोजायची पद्धत काढली. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या अभ्यासातून पॉल लाझार्सफेल्ड यांचे लेटंट क्लासचे, म्हणजे उत्तरांमागचे न दिसणारे गट शोधण्याचे काम पुढे आले. डेन्मार्कच्या गेऑर्ग राश यांनी १९६० साली चाचण्यांसाठीचे आपले मॉडेल प्रसिद्ध केले. १९७०च्या दशकात स्वीडनचे कार्ल योरेस्कोग यांनी मोजमाप आणि मार्ग एकाच चौकटीत आणले. त्यालाच आज आपण स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेल, म्हणजे एसईएम म्हणतो.

मॉडेल आतमध्ये करते तरी काय?

एका खऱ्या उदाहरणावर हे पाहू. होल्झिंगर आणि स्वाइनफर्ड यांनी १९३९ साली शिकागो भागातल्या दोन शाळांमधल्या सातवी-आठवीच्या मुलांच्या चाचण्यांचे गुण प्रसिद्ध केले. त्यांतल्या ३०१ मुलांच्या नऊ चाचण्या आजही शिकवायला वापरतात. पहिल्या तीन डोळ्यांनी आकार ओळखण्याच्या, पुढच्या तीन वाचन आणि शब्दार्थाच्या, शेवटच्या तीन भरभर करायच्या: बेरजा, ठिपके मोजणे, आणि सरळ रेषांची अक्षरे वक्र अक्षरांपासून वेगळी काढणे.

मॉडेलचा दावा साधा आहे. प्रत्येक चाचणीचे गुण म्हणजे तिची स्वतःची पायापातळी, अधिक लोडिंग गुणिले मुलाची अव्यक्त क्षमता, अधिक उरलेले काहीतरी. पायापातळी म्हणजे क्षमता सरासरी असताना मिळणारे गुण, लोडिंग म्हणजे चाचणी त्या क्षमतेशी किती घट्ट बांधलेली आहे ते. दोन वाचन-चाचण्या एकमेकींशी जुळतात त्या केवळ मागच्या सामाईक क्षमतेमुळे. ती क्षमता बाजूला काढली तर त्यांच्यात काही नाते उरू नये.

हे खरे आहे का, ते हाताने तपासता येते. उताऱ्याचे आकलन आणि वाक्यपूर्ती या चाचण्यांची प्रमाणित लोडिंग ०.८५ आणि ०.८६ येतात. मॉडेलप्रमाणे दोघींचा सहसंबंध म्हणजे या दोन लोडिंगचा गुणाकार, ०.७३. प्रत्यक्ष डेटातला सहसंबंधही सुमारे ०.७३. इथे मॉडेलने बरोबर सांगितले.

आता पहिली आकार-चाचणी आणि अक्षरे वेगळी काढण्याची शेवटची चाचणी घ्या. त्यांची लोडिंग ०.७७ आणि ०.६७, दोन फॅक्टरांमधला सहसंबंध ०.४७. तिन्हींचा गुणाकार सुमारे ०.२४. डेटात मात्र सहसंबंध सुमारे ०.३९ आहे. इथे मॉडेल कमी पडले. कारण कुणालाही पटेल असे आहे: सरळ आणि वक्र अक्षरे वेगळी काढायला वेग लागतो, तशी नजरही लागते. ती चाचणी निव्वळ वेगाची नाही.

फॅक्टर ॲनालिसिसचा गाभा एवढाच आहे. सॉफ्टवेअर अशा सगळ्या जोड्यांचा हिशोब एकदम करते. पण प्रत्येक विद्यार्थ्याने आयुष्यात एकदा तरी दोन जोड्या वहीवर कराव्यात, असे मी आवर्जून सांगते. त्यानंतर आउटपुटची भीती वाटत नाही.

पीसीए आणि फॅक्टर ॲनालिसिस एकच ना?

नाही. पीसीए, म्हणजे प्रिन्सिपल कंपोनंट ॲनालिसिस, हे बऱ्याच आकड्यांचे थोडक्यात गाठोडे बांधते. त्यात मोजमापातली चूकही बांधली जाते. फॅक्टर ॲनालिसिस फक्त सामाईक भाग घेते आणि उरलेला बाजूला ठेवते. एसपीएसएस या सॉफ्टवेअरमध्ये काहीही न बदलता बटण दाबले तर पीसीए होते आणि विद्यार्थी प्रबंधात ‘फॅक्टर ॲनालिसिस केले’ असे लिहून मोकळे होतात. तिथे एक्स्ट्रॅक्शनमध्ये जाऊन प्रिन्सिपल ॲक्सिस किंवा मॅक्झिमम लाइकलीहुड निवडा.

पीसीए वाईट आहे असे मात्र मुळीच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९२-९३च्या पहिल्या फेरीत घरचा खर्च विचारलेला नव्हता, पण घरातल्या वस्तू आणि सोयी नोंदवल्या होत्या. फिल्मर आणि प्रिचेट यांनी त्या यादीवर पीसीए करून घरांची सांपत्तिक क्रमवारी लावली आणि भारतातल्या राज्यांमधल्या शाळाप्रवेशाचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला. आज या सर्वेक्षणाच्या अहवालांत कुटुंबांचे जे पाच संपत्तिगट दिसतात, त्यांची पद्धत याच वळणाची आहे. मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत हे सर्वेक्षण हाताळले जाते, त्यामुळे आपल्याकडच्या अनेक विद्यार्थ्यांच्या हाती हा डेटा येतो.

इथे एक बारीक पण फार महत्त्वाचा मुद्दा आहे. उदासी वाढली की झोप उडते, भूक मंदावते. तिथे बाण अव्यक्त चलाकडून खुणांकडे जातो. परिस्थितीचे काय? पैसा आला म्हणून फ्रिज आला, की फ्रिज, जमीन, पक्के घर या सगळ्यांची बेरीज म्हणजेच परिस्थिती? दुसरे मानले तर बाण उलटा होतो, आणि खुणा एकमेकींशी जुळल्याच पाहिजेत ही अटही राहत नाही. तुमची संकल्पना कोणत्या प्रकारची आहे हे सॉफ्टवेअर सांगणार नाही. ते तुम्ही लिहायचे, आणि आधी लिहायचे.

किती फॅक्टर ठेवायचे?

आयगेनव्हॅल्यू म्हणजे एखादा फॅक्टर डेटातला किती फरक टिपतो तो आकडा. ‘आयगेनव्हॅल्यू एकपेक्षा जास्त’ हा कायझर यांचा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण तो बरेचदा गरजेपेक्षा जास्त फॅक्टर देतो. हॉर्न यांचे पॅरलल ॲनालिसिस करा. त्यात तुमच्याइतक्याच आकाराच्या, पण निव्वळ यदृच्छ आकड्यांशी तुलना होते. त्यांच्यापेक्षा मोठे जे उरेल तेच ठेवायचे. त्याच्या जोडीला संकल्पना काय सांगते तेही पाहा.

ईएफए आणि सीएफए एकाच नमुन्यावर चालेल का?

चालणार नाही. ईएफए (एक्स्प्लोरेटरी) रचना शोधते, सीएफए (कन्फर्मेटरी) आधी मांडलेली रचना तपासते. ज्या डेटातून रचना शोधली, त्याच डेटावर ती ‘सिद्ध’ झाली असे म्हणता येत नाही. नमुना मोठा असेल तर यदृच्छेने दोन भाग करा. दुसऱ्यांनी आधीच तपासलेली श्रेणी (स्केल) वापरत असाल तर थेट सीएफएने सुरुवात करा.

एका फॅक्टरला किती प्रश्न आणि किती माणसे हवीत?

एकट्या फॅक्टरला तीन प्रश्न असले तर तीन व्हेरिअन्स आणि तीन सहसंबंध, असे सहा आकडे हाती येतात आणि शोधायचेही सहाच असतात, तीन लोडिंग आणि तीन उरलेले भाग. मॉडेल तंतोतंत बसते, म्हणजे तपासायला काहीच शिल्लक राहत नाही. चार प्रश्न असले तर दहा आकडे आणि आठ अज्ञात. तिथून तपासणी सुरू होते. म्हणून लिहिताना पाच-सहा प्रश्न लिहा, एखाददुसरा गळेल असे धरून.

माणसांचा एकच ठराविक आकडा नाही. लोडिंग भक्कम असतील आणि प्रत्येक फॅक्टरला पुरेसे प्रश्न असतील तर दोनशेतही काम निभावते, लोडिंग ०.४च्या आसपास रेंगाळत असतील तर पाचशेही अपुरे पडतात. ‘प्रत्येक प्रश्नामागे दहा माणसे’ या नियमावर विसंबून राहू नका.

अल्फा ०.७०च्या वर आला. श्रेणी चांगली आहे ना?

एवढ्यावरून सांगता येत नाही. प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा क्रोनबाख यांचा अल्फा, १९५१चा, प्रश्नांची संख्या वाढवली की आपोआप वाढतो. प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध फक्त ०.२० धरा. पाच प्रश्नांना अल्फा येतो ०.५६. तसेच वीस प्रश्न केले की ०.८३. प्रश्न तितकेच सैल आहेत, फक्त गर्दी वाढली. शिवाय अल्फा चांगला असूनही आत दोन वेगवेगळे फॅक्टर असू शकतात. तो विश्वसनीयतेबद्दल थोडे सांगतो, सप्रमाणतेबद्दल, म्हणजे श्रेणी हवे तेच मोजते का याबद्दल, काहीच नाही. फॅक्टर मॉडेलवरून काढलेला ओमेगा हा विश्वसनीयतेचा आकडा द्या आणि सोबत लोडिंगचा तक्ता छापा.

इंग्रजी श्रेणीचे भाषांतर करून वापरली तर?

सगळ्यात जास्त प्रबंध माझ्या डोळ्यांसमोर इथेच घसरले आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रोझेनबर्ग यांच्या आत्मसन्मान श्रेणीत दहा विधाने आहेत, पाच सरळ आणि पाच उलट. उलट विधान मराठीत असे उतरते: ‘अभिमान वाटावा असे माझ्यात फारसे काही नाही.’ पुढे पर्याय: सहमत, असहमत. ज्या बाईला स्वतःबद्दल बरे वाटते, तिने इथे ‘असहमत’ म्हणायचे आहे, म्हणजे नकाराला नकार द्यायचा आहे. क्षेत्रकामात मी हे विधान वाचून दाखवले की समोरच्या बाया थबकत. एक आजी म्हणाल्या, ‘नाही, म्हणजे आहे. तू काय ते लिही.’ त्या आजींचे उत्तर फाइलमध्ये एक आकडा म्हणून जाते, आणि तो आकडा त्यांच्या आत्मसन्मानाचा नसतो, वाक्याच्या पिळाचा असतो. मग फॅक्टर ॲनालिसिसमध्ये सरळ विधानांचा एक आणि उलट विधानांचा दुसरा असे दोन फॅक्टर निघतात आणि विद्यार्थी त्यांना ‘सकारात्मक आत्मसन्मान’ आणि ‘नकारात्मक आत्मसन्मान’ अशी नावे देतो. हा त्रास फक्त मराठीचा नाही. ५३ देशांत ही श्रेणी वापरून केलेल्या तुलनेतही उलट विधाने सगळीकडे एकसारखी समजली जात नाहीत, असेच दिसले.

दुसरी अडचण शब्दांची. नैराश्याच्या इंग्रजी श्रेण्यांतले वाक्प्रचार शब्दशः आणले तर ते कुणाच्याच तोंडचे राहत नाहीत. आपल्याकडे माणूस ‘मी निराश आहे’ असे क्वचित म्हणतो. तो म्हणतो, ‘कशात मन लागत नाही’, ‘जीव रमत नाही’, ‘नुसते पडून राहावेसे वाटते’, ‘हातपाय गळून गेलेत’. यांतली काही वाक्ये शरीराची आहेत, काही मनाची, आणि बोलणाऱ्याला तो फरक करायचाच नसतो. तसे असेल तर इंग्रजीत वेगळे निघालेले शरीराचे आणि मनाचे दोन फॅक्टर मराठीत एक होतील. तेव्हा डेटा बिघडला असे धरून चालू नका. तो कदाचित खरे सांगत असेल.

करायचे काय, तर दोघांनी वेगवेगळे भाषांतर करा, तिसऱ्याकडून उलट भाषांतर करून घ्या, आणि मग दहा-पंधरा माणसांसमोर बसा. प्रत्येक विधान वाचून विचारा, ‘यातून तुम्हाला काय समजले? तुमच्या शब्दांत सांगा.’ हे दोन दिवसांचे काम आहे. ते वगळले तर नंतर कोणतेही सॉफ्टवेअर भरपाई करून देत नाही. आणि मूळ श्रेणीची परवानगी लागते का, तेही आधी बघा.

दोन गटांची तुलना करण्यापूर्वी काही तपासावे लागते का?

लागते, आणि हे फार जण वगळतात. पुन्हा परिस्थितीचेच उदाहरण घेऊ. सारख्याच परिस्थितीची दोन घरे आहेत, एक डोंबिवलीत, एक कोल्हापूरजवळच्या गावात. डोंबिवलीच्या माणसाला लोकल आहे, त्याने मोटरसायकल घेतलीच असेल असे नाही. गावातल्या माणसाचे गाडीवाचून चालत नाही. गोठा तर शहरात असणारच नाही. म्हणजे परिस्थिती सारखी असूनही खुणेची पायापातळी वेगळी. अशा खुणांची बेरीज करून ‘गाव पुढे’ किंवा ‘शहर पुढे’ म्हणणे हा अन्याय आहे.

याला मेझरमेंट इन्व्हेरियन्स म्हणतात आणि ते पायरीपायरीने तपासतात. आधी दोन्ही गटांत रचना तीच आहे का, मग लोडिंग सारखी आहेत का, मग पायापातळ्या सारख्या आहेत का. शिकागोच्या दोन शाळांत पाहा. केवळ रचना सारखी ठेवली तेव्हा काय-स्क्वेअर, म्हणजे मॉडेल आणि डेटा यांतली तफावत, ११५.९ होता. लोडिंग सारखी धरल्यावर १२४.०, म्हणजे फारसे बिघडले नाही. पायापातळ्याही सारख्या धरल्यावर मात्र एकदम १६४.१ झाला. म्हणजे दोन्ही शाळांत चाचण्या त्याच क्षमतांकडे बोट दाखवत होत्या, पण गुणांची थेट तुलना करण्याजोग्या नव्हत्या. शोधले तर दोष मुख्यतः दोन चाचण्यांत निघतो, एक आकाराची आणि एक बेरजेची. त्या दोघींच्या पायापातळ्या मोकळ्या सोडून बाकीच्यांवर तुलना करता येते. स्त्री-पुरुष, शहर-गाव, मराठी-इंग्रजी माध्यम अशी सरासरींची तुलना तुमच्या उद्दिष्टांत असेल तर ही पायरी चुकवू नका.

फिट इंडेक्स किती यायला हवेत?

फिट इंडेक्स म्हणजे मॉडेल डेटाला कितपत बसते ते सांगणारे आकडे. हू आणि बेंटलर यांनी १९९९ साली सुचवलेल्या मर्यादा सगळे वापरतात: सीएफआय सुमारे ०.९५ किंवा वर, आरएमएसईए सुमारे ०.०६ किंवा खाली, एसआरएमआर सुमारे ०.०८ किंवा खाली. त्यांना परीक्षेतल्या पस्तीस गुणांसारखे वागवू नका. वरच्या शिकागोच्या मॉडेलला येतात ०.९३१, ०.०९२ आणि ०.०६५. दोन ठिकाणी मॉडेल कमी पडले, एका ठिकाणी ठीक. सॉफ्टवेअरचा मॉडिफिकेशन इंडेक्स सांगतो की अक्षरांच्या चाचणीला नजरेच्या फॅक्टरशी जोडले तर काय-स्क्वेअर ३६ने उतरेल. हा बाण मी जोडेन, कारण त्याचे कारण सांगता येते. कारण सांगता येत नाही असा एकही बाण केवळ आकडा सुधारतो म्हणून जोडू नये. जोडला असेल तर तसे प्रबंधात लिहावे.

‘सहमत–असहमत’ची उत्तरे आकडे म्हणून धरावीत का?

पाच किंवा जास्त पर्याय असतील आणि उत्तरे एका टोकाला लोटलेली नसतील तर धरता येतात. रोबस्ट एस्टिमेटर, म्हणजे उत्तरांचे वाटप थोडे वाकडे असले तरी टिकणारी पद्धत, वापरा. पर्याय दोन, तीन, चार असतील तर क्रमवाचकच माना आणि त्यासाठीची डब्ल्यूएलएसएमव्ही ही पद्धत वापरा. ‘सांगता येत नाही’ला मधला क्रमांक देऊ नका, ते बऱ्याचदा उत्तर नसते, नकार असतो.

लेटंट क्लास कधी वापरावे?

अव्यक्त गोष्ट कमी-जास्त नसून प्रकारांची आहे असे वाटते तेव्हा. समजा, ग्रामसभेला जाणे, तक्रार अर्ज देणे, मोर्चात जाणे, मतदान करणे यांची हो-नाही उत्तरे आहेत. एकच ‘सहभागाची पातळी’ काढली तर सभेला कधी न गेलेली पण मोर्चात पुढे असलेली बाई मधल्या पातळीला पडते आणि तिचे वेगळेपण पुसले जाते. लेटंट क्लास तिला स्वतःचा गट देऊ शकते. लक्षात ठेवा, प्रत्येक व्यक्ती गटात असण्याची फक्त संभाव्यता मिळते. ०.५५ संभाव्यतेच्या माणसावर शिक्का मारून पुढचे विश्लेषण करू नका.

एसईएममध्ये बाण काढला म्हणजे कारण सिद्ध झाले का?

नाही. बाण ही तुमची गृहीतक म्हणून मांडलेली बाजू आहे. एकाच वेळी घेतलेल्या सर्वेक्षणात ‘ताणामुळे समाधान घटते’ आणि ‘समाधान नसल्याने ताण वाढतो’ ही दोन्ही मॉडेल अगदी सारखीच बसू शकतात. दिशा ठरते ती कालक्रमावरून, प्रयोगावरून किंवा विषयाच्या पक्क्या ज्ञानावरून.

सॉफ्टवेअर कोणते?

आर या संगणकभाषेतले लावान. गेंट विद्यापीठातल्या इव्ह रोसील यांनी केलेले, मोफत, आणि शिकागोचा डेटा त्यातच येतो, त्यामुळे वरचे सगळे आकडे तुम्ही आज संध्याकाळी स्वतः काढून पाहू शकता. कोड लिहायची धास्ती असेल तर जामोवी किंवा जास्प, तेही मोफत. एमप्लस उत्तम आहे, पण पैसे पडतात. केवळ एमॉस हे सशुल्क सॉफ्टवेअर हवे म्हणून खर्च करू नका.

फॅक्टरला नाव काय द्यायचे?

सगळ्यात जास्त लोडिंग असलेली तीन विधाने शेजारी ठेवा आणि त्यांतून निघते तेवढेच नाव द्या. ‘मी बैठकीत बोलते’, ‘मी पैशांचा हिशोब बघते’, ‘मी एकटी तालुक्याला जाते’ यांना ‘सक्षमीकरण’ म्हणण्याचा मोह होतो. पण त्यांत दिसते ते वावरण्याचे आणि बोलण्याचे स्वातंत्र्य. जमीन कुणाच्या नावावर आहे, हे तुम्ही विचारलेलेच नाही. तसे असेल तर ‘वावर आणि बोलणे’ असेच लिहा, आणि पुढच्या प्रश्नावलीत सातबाऱ्याचा प्रश्न घाला.